उशाला पुस्तकं

तुमची आई घराबाहेर शेवटची मुक्कामाला कुठं राहिली होती? लग्न, बाळंतपण, दवाखाना आणि मयत सोडून सांगा.

हाच प्रश्न मी आमच्या आईला विचारला होता. ती गवार निवडत होती. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "निवडणुकीच्या ड्युटीला. शाळेच्या वर्गात फळ्याखाली झोपलो होतो सगळ्याजणी." म्हणजे सरकारच्या हुकमानं. स्वतःच्या मर्जीनं कुठं, असं विचारल्यावर तिनं गवारीचं ताट माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, "रिकामी बसू नको, शिरा काढ."

आमचं घर पुंडलिकनगरात आहे. पाहुणा आला की आधी खुर्ची मोकळी करावी लागते, कारण खुर्च्यांवर पत्रकांचे गठ्ठे बसलेले असतात. अप्पा, म्हणजे माझे वडील, नोकरी सांभाळून आयुष्यभर छोट्या पुस्तिका आणि पत्रकं छापत आले. जयंती, परिषद, मेळावा, जिथं माणसं जमतील तिथं निळी ताडपत्री अंथरायची, पुस्तकं मांडायची आणि दिवस मावळला की त्याच ताडपत्रीवर अंग टाकायचं. मी अक्षरं पाटीवर कमी आणि पत्रकांवर जास्त शिकले. 'बंधू आणि भगिनींनो' हे मी वाचलेलं पहिलं वाक्य असावं आणि 'बहुसंख्येने उपस्थित राहा' हे दुसरं.

यातलं एकही पत्रक आईच्या हाताखालून गेल्याशिवाय छापखान्यात गेलेलं नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. अप्पा मजकूर आणायचे आणि ती लाल पेन उघडायची. "हे वाक्य कुणासाठी? स्वतःला टाळ्या पडाव्यात म्हणून? काढा." अप्पा कुरकुरत काढायचे. पण ताडपत्रीवर आई कधी बसली नाही. अप्पांची समजूत होती की तिला गर्दी आवडत नाही. ही समजूत त्यांनी वर्षानुवर्षं जपली, कारण ती सोयीची होती.

त्या गवारीच्या दिवशी ती नुकतीच निवृत्त झालेली होती, म्हणून मी म्हटलं, आता चल की आमच्यासोबत. त्यावर ती गवार बाजूला ठेवून बोलली. "मला गर्दी लई आवडती. पण गर्दीत बाईनं जायचं कुठं, ते सांग. लग्न झाल्यावर एकदा गेले होते ह्यांच्यासंगं. आदल्या दिवसापासून पाणी सोडलं होतं. तरी मंडपामागं आडोसा हुडकत फिरले. जिथं आडोसा, तिथं आधीच गडी उभे. परत आले ती ताप घेऊनच. डॉक्टरीण म्हणली, पाणी पीत जा. मी म्हणलं, पिते की, घरी."

अप्पा पलीकडच्या खोलीत गठ्ठे बांधत होते. सुतळीचा आवाज थांबला. ते दारात आले. "अगं, मला सांगायचं नाय का?"

"तुम्ही कधी पत्रकात विचारलं व्हय?"

अप्पांनी हातातली सुतळी खाली ठेवली. मला राग आला. समतेवर तीन-तीन तास भाषणं होणारा मंडप आणि त्या मंडपात बसता यावं म्हणून आदल्या दिवसापासून तहानलेली राहणारी बाई! आमच्या घरात राग आला की पत्रक निघतं. मीही कागद घेऊन बसले. दोन परिच्छेद झणझणीत झाले. मग वाटलं, पत्रकाला दार नसतं, आतून लावायला कडी नसते. आईला पत्रक नको आहे. तिला खोली पाहिजे, आणि ती खोली जिथं ताडपत्री जाईल तिथं गेली पाहिजे.

गावोगावच्या वाचनालयांना पुस्तकं पोचवणं हे माझं काम. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात साधी गाडी गिळून बसते, म्हणून मी एक जुनी फोर बाय फोर जीप, चारही चाकांना जोर असलेली, घेतलेली होती. तिच्यामागं खोली ओढायची, असं ठरलं. दगडधोंड्यांतून, ओढ्यातून जाणारी, उंच चाकांची, पलंग, पाण्याची टाकी, छोटी शेगडी आणि संडास असलेली खोली. फोनवर परदेशातल्या अशा गाड्या बघून मी वाळूजला मामाच्या शेडमध्ये गेले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर बनवतो. त्यानं व्हिडिओ बघितला.

"हे लोक सुट्टीला घरच बरोबर घेऊन जातात व्हय?"

"मामा, आपल्याला सुट्टीला नाय न्यायचं. कामाला न्यायचंय."

"मग ठोकून बनवतो," मामा म्हणाला.

त्यानं ठोकूनच बनवली. ऊस भरला तरी वाकणार नाही असा सांगाडा, जीपला जोडायला ट्रॉलीसारखा जाड दांडा आणि वर मात्र छान आकाशी रंग. तयार झाल्यावर आई बघायला आली. ती सरळ संडासच्या कप्प्यात शिरली आणि दार ओढून घेतलं. आम्ही बाहेर उभे. आत चाचपडणं चाललं होतं. मग आतून आवाज आला, "अरे, कडी कुठंय?"

"बाहेरून लावलीय की, अक्का. चांगली जाडजूड."

"शहाण्या, आत मी बसणार का बाहेर? बाहेरून कडी लावून मला कोंडायलास का?"

मामानं आयुष्यभर ट्रॉलीच्या फळ्यांना कड्या लावलेल्या, आणि ट्रॉलीत आतून कडी लावणारं कुणी नसतं. त्यानं जीभ चावली आणि त्याच दुपारी कडी आत घेतली. या गाडीतला माझा सगळ्यात आवडता भाग आजही ती कडी आहे.

आरटीओचा पोवाडा मी इथं गात नाही. तो स्वतंत्र पुस्तिकेचा विषय आहे.

गाडी घरी आली तेव्हा गल्लीत सभा भरली. "आईस्क्रीमची गाडी टाकली का मॅडमनी?" "फवारणीचा टँक दिसतोय." समोरच्या काकू मात्र आत डोकावून आल्या, कडी लावून बघितली, काढून बघितली आणि बाहेर येऊन आईला हळूच म्हणाल्या, "मला पण न्या एकदा."

पुढं ओढणं सोपं असतं. खरी परीक्षा मागं घेण्यात. मागं जोडलेला डबा, म्हणजे आमची ती चाकांवरची खोली, उलटाच वागतो. स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की त्याचं बूड उजवीकडं जातं. त्यात आपल्याकडं गाडी मागं घ्यायची म्हटलं की आख्खी गल्ली सांगायला येते. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे," असं एक जण म्हणतो, त्याच क्षणी दुसरा डब्यावर थाप मारून "बस बस बस" म्हणतो, तिसरा हातानं असं काही दाखवतो की ते येऊ दे आहे का नमस्कार आहे ते कळत नाही. मी एका खांबाला आणि एका तुळशीवृंदावनाला थोडक्यात सोडलं. शेवटी आई खाली उतरली आणि वर्गात म्हणायची तशी म्हणाली, "एकच जण बोलेल. बाकीच्यांनी हाताची घडी." गल्लीनं खरंच हाताची घडी घातली. मग ती माझ्या आरशात दिसेल अशी उभी राहिली आणि डबा बरोबर फाटकातून आत गेला.

कन्नडच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात मेळावा होता. आईनं तो पहिला दौरा ठरवला आणि अटही घातली. "एकदा येते. जमलं तर दरवेळी येईन. नाय जमलं तर डबा मामाच्या शेडात, मी माझ्या घरात, आन् पुन्हा कुणी मला चल म्हणायचं नाय." ती हे रागानं म्हणाली नाही. इतक्या वर्षांनी घातलेली अट तिनं शांतपणे घातली. म्हणूनच मला धडकी भरली.

निघायच्या आदल्या दिवशी सामान भरलं. आता इथं आमच्या घरचा एक कायदा सांगायला हवा. पुस्तक पायाशी ठेवायचं नाही. आमच्यात देवघर नाही. आमच्या आजोबांना अक्षर शिकायला कुणी दिलं नव्हतं, म्हणून आमच्या घरात वंदनेच्या जागेइतकाच मान पुस्तकाला आहे. पुस्तकाला पाय लागला तर हात लावून कपाळाला लावतात. पुस्तक अंथरुणाच्या पायथ्याशी ठेवलं तर अप्पा झोपेतून उठून उचलतात.

मामानं डब्याच्या मागच्या भिंतीला छान मोठी खिडकी ठेवली होती आणि पलंगाची उशी त्या खिडकीखाली होती. म्हणजे झोपणाऱ्याचे पाय पुढं, जीपकडं. अप्पांनी क्षणभरही विचार केला नाही. पुस्तकांची सगळी खोकी त्यांनी मागं, उशाच्या वरच्या फळीवर आणि त्याखालच्या कपाटात रचली. पुढच्या अंगाला, पायथ्याशी, रिकाम्या बादल्या आणि चादरी. मी पण खोकी उचलून दिली. आईनं सुतळ्या तपासल्या. तिघांपैकी कुणालाच त्यात काही चुकीचं दिसलं नाही. दिसणार कसं? कायद्याप्रमाणंच होतं सगळं.

सकाळी कोवळ्या उन्हात निघालो. हिवाळ्याचे दिवस. आई माझ्याशेजारी, अप्पा मागच्या सीटवर. छावणी ओलांडली, शहर मागं पडलं, दौलताबादचा डोंगर दिसायला लागला. रस्ता मोकळा मिळाला तसा मी वेग वाढवला. आणि पाठीमागून कुणीतरी शेपटी धरून हलवावी तशी गाडी हलली. आधी थोडी. मग डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागलं, जणू पुढची चाकं जोडलीत खरी पण सगळी सत्ता मागच्या डब्याकडं आहे. मी ब्रेक दाबला नाही. अशा वेळी ब्रेक दाबला तर डबा आणखी नाचतो, हे मी व्हिडिओत ऐकलं होतं. पाय फक्त ॲक्सिलरेटरवरून काढला आणि स्टिअरिंग घट्ट सरळ धरलं. हळूहळू नाच थांबला.

आईनं खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं.  त्या घट्ट मुठी मला डब्याच्या नाचण्यापेक्षा जड गेल्या.

"वारं आहे डोंगराचं," अप्पा मागून म्हणाले.

पेरूवाल्यांच्या टोपल्या जिथं ओळीनं असतात तिथं मी गाडी बाजूला घेतली. एक पेरूवाला हातातला सुरा तसाच धरून, मला बाजी म्हणजे ताई म्हणत, धावत आला. "ओ बाजी! पिच्छे का डब्बा नाच रा तुम्हारा! मैं तो डर गया, मेरे टोकरे पे आता क्या कू!"

"वारं आहे," अप्पा परत म्हणाले.

पेरूवाल्यानं झाडाकडं बघितलं. एक पान हलत नव्हतं. "कां का वारा, चाचा?"

मामाला फोन लावला. त्याचं पहिलं वाक्य, "माझ्या वेल्डिंगचं काय नाय ना?" दुसरं, "टायरची हवा बघ." हवा ठीक होती. मग तो म्हणाला, हूक सोडून बघ, त्यातली कडी झिजली असंल. आई तोवर म्हणाली, "तुमचं चालू द्या. मी चहाची पावडर काढते." पावडर मागच्या कपाटात, पुस्तकांशेजारी होती. ती डब्यात चढून पार मागं गेली.

आता जे झालं ती चूक माझी आणि अप्पांची. डबा जीपपासून सोडताना आधी त्याच्या चारी कोपऱ्यांना टेकू लावायचे असतात. मामानं दहा वेळा सांगितलं होतं. पण आम्हाला फक्त हूक बघायचा होता, क्षणभराचं काम. चाकांना दगड लावले, मी हूक उघडला, अप्पांनी दांडा जरा उचलला.

दांडा अप्पांच्या हातातून आपोआप वर निघाला. जाड, लोखंडी, मामानं ऊस पेलायला बनवलेला दांडा पतंगासारखा अलगद आभाळाकडं गेला आणि डब्याचं बूड धप्पकन जमिनीवर बसलं. आतून आधी बादल्या घरंगळल्या. मग खोकी. मग खूप वेळ कागदाची सळसळ. 

"आई!" मी ओरडले.

"अगं ए!" अप्पा ओरडले.

"अल्ला," पेरूवाला म्हणाला.

आतून आईचा आवाज आला. अगदी सरळ, वर्गातला. "टेकू लावायचे कुणी? बाहेरून पाहुणे येणार होते का?"

आम्ही तिघांनी दांड्याला लोंबकळून डबा सरळ केला, टेकू लावले आणि दार उघडलं. आई कोपऱ्यात गादीवर बसली होती. तिच्या मांडीवर, खांद्यांवर, डोक्यावर पत्रकं होती. एका हातात चहा पावडरीचा डबा, झाकण घट्ट. कुठं लागलं नव्हतं, कारण आधी गादी घसरली होती आणि त्यावर ती. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. मला वाटलं, संपलं. आता ही म्हणणार, चला घरी.

तिनं डोक्यावरचं पत्रक काढलं, वाचलं आणि म्हणाली, "बहुसंख्येने उपस्थित राहा म्हणे. झाले सगळे उपस्थित." आणि हसायला लागली. अशी हसली की तिला उतरवायला हात द्यावा लागला.

खाली उतरून तिनं डब्याला एक चक्कर मारली. मग म्हणाली, "वारंबिरं काय नाय. गाडी उलाळ झालीय."

हा शब्द मी खूप वर्षांनी ऐकला. बैलगाडीत मागं वजन जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. आईचं माहेर पैठणच्या बाजूचं. "आमचे आबा दुसऱ्याची गाडी हाकायचे. भरताना मागं जड झाली की मला उचलून पुढं बसवायचे, धुरेवर. मालकाला वाटायचं पोरीचे लाड चाललेत. लाड कसले, वजन म्हणून बसवायचे मला!" आणि परत हसली. "शेपूट जड असंल तर शेपूटच गाडी चालवणार. पुस्तकं पुढं घ्या, दांड्याजवळ. बादल्या मागं."

मामा फोनवर होताच. तो म्हणाला, "बरोबर आहे अक्काचं. ट्रॉलीत सुद्धा तसंच. माल पुढं लागतो, मी म्हणलंच होतं." तो म्हणाला नव्हता.

आता प्रश्न सुटायला हवा होता. पण अप्पांनी हात मागं बांधले. "पुढं पाय येतात."

"अहो, पण गाडी..."

"पुस्तकं पायाशी जाणार नाहीत. हळू चालवू. चालत जाऊ. नाहीतर गेलो नाही तरी चालंल."

आणि खरं सांगते, मी अप्पांच्या बाजूनं होते. तुम्हाला हा हट्ट वाटेल. ज्यांच्या घरी अक्षर वारशानं आलं त्यांना वाटूही शकेल. आमच्याकडं ते भांडून आलंय. पण दुसऱ्या बाजूला आई उभी होती, जिचा पहिला दौरा इथंच पेरूच्या टोपल्यांपाशी संपायला आला होता. दोन तत्त्वं समोरासमोर आणि मध्ये मी, हातात हुकाची पिन घेऊन. पेरूवाला मीठ-तिखट लावून फोडी कापत होता आणि एकदा अप्पांकडं, एकदा आईकडं बघत होता. त्यानं एक फोड मला दिली. "खा लो बाजी. टाइम लगेगा इनको."

आईनं पण एक फोड घेतली. चावली. मग इतक्या साधेपणानं बोलली की आम्हाला कळायलाही वेळ लागला.

"पुस्तकं हलवायची, पाय नाय हलवायचे, असं कुणी सांगितलं? उशी पुढं घ्या की. पाय करा मागं."

पेरूवाल्याचा सुरा फोडीवर थांबला.

"पुस्तकं दांड्याकडं. त्याच्याखाली उशी. डोकं पुस्तकांकडं, पाय खिडकीकडं. झालं ना उशाला?"

अप्पांनी डब्यात वाकून बघितलं. पलंगाकडं बघितलं. मनातल्या मनात झोपून बघितलं असावं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पण खिडकी मग पायाशी जाती."

"जाऊ दे. पायांना बघू दे जरा बाहेरचं. आजवर त्यांनी लई चूल बघितली."

पेरूवाल्यानं टाळी वाजवली. पुढं त्यानंच निम्मी खोकी उचलून दिली आणि उचलताना एक पुस्तिका मागून घेतली. अप्पांनी ती त्याला दोन्ही हातांनी दिली.

परत रस्त्याला लागलो. मी भीत भीत वेग वाढवला. मागचा डबा मुकाट्यानं येत होता, शाळेच्या रांगेतल्या पोरासारखा. वेरूळ गेलं, कन्नड गेलं. आईनं हँडल सोडलं होतं. ती बाहेर बघत एकेका गावाची पाटी मोठ्यानं वाचत होती.

गावाच्या अलीकडं डांबर संपलं. ओढ्यात पाणी होतं, पलीकडं मुरमाचा चढ. मी फोर बाय फोर टाकली, गिअर अगदी खालचा, आणि गाडी चालण्याच्याही वेगापेक्षा हळू पाण्यात घातली. अशा वेळी घाई केली की संपलं. एकसारखा जोर लावत राहायचं. चढावर मागचा डबा ओढताना जीप जरा कुंथली, मागची चाकं एकदा फिरली, मग पुढच्यांनी पकडलं. वर पोचलो तेव्हा आई म्हणाली, "तेव्हा वजन म्हणून पुढं बसवायचे. आज बसायचंय म्हणून बसलेय." आणि पुढं जोडलं, "जरा गिअर हळू टाकत जा. कडकड वाजतंय."

मेळावा चांगला झाला. भाषणं लांबली, ती लांबतातच. पण मला सांगायचंय ते वेगळं. निळी ताडपत्री अंथरून झाली आणि आईनं तांब्या घेतला. मंडपात, सगळ्यांच्या देखत, तिनं तो तोंडाला लावला आणि पूर्ण रिकामा केला. मग परत भरून घेतला. अप्पा पुस्तकं मांडत होते. ते थांबून बघत राहिले. मी पण. जगातल्या सगळ्यात साध्या गोष्टीकडं आम्ही दोघं असे बघत होतो, जसं काही तिनं झेंडा फडकवला.

थोड्या वेळानं आई डब्याकडं जाऊन आली. ते शेजारच्या गावाहून आलेल्या एका बाईनं बघितलं. तिनं विचारलं, "मावशी, आत... आहे का?" आई म्हणाली, "आहे. आतून कडी पण आहे." एवढंच. दुपार कलायच्या आत आमच्या डब्यापुढं बायकांची जी रांग लागली, तिच्यापुढं अप्पांच्या ताडपत्रीवरची गर्दी काहीच नव्हती. काही म्हाताऱ्या काठी टेकत आल्या. एक नवी नवरी सासूसोबत आली. आईनं रांगेच्या बाजूनं पुस्तिकांचं एक खोकं उघडून ठेवलं. उभं राहायचंच आहे, तर वाचा. एक वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. "अगं, ह्यात तर सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायचं लिहिलंय!" "बघू बघू, थांब, माझा नंबर आला तर आला." भाषणं चालू होती तिकडं, पण सभा इकडं भरली होती.

डब्यातल्या संडासची टाकी छोटी असते आणि ती कुणाला तरी रिकामी करावी लागते. कुणी, यावर आमच्या घरात चर्चा होऊ शकत नाही. हे काम पिढ्यान् पिढ्या कुणाच्या माथी मारलं गेलं, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. म्हणून ते दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, हाही घरचा कायदा. अप्पांनी बाह्या वर केल्या, हातमोजे घातले, माळावर लांब जाऊन खड्डा खणला आणि टाकी रिकामी केली. परत येऊन हात धुताना म्हणाले, "संघटनेत सगळी पदं भूषवली. हेच एक राहिलं होतं."

"अध्यक्षपदापेक्षा कामाचं आहे," आई म्हणाली.

सकाळी मी जीपच्या सीटवरून उठून डब्याकडं गेले. आई पायरीवर चहा घेऊन बसली होती, केस मोकळे, अंगावर शाल. मागं, उघड्या दारातून, उशाला खोकी दिसत होती. पुष्कळशी आता रिकामी. जमलं का, असं मी मुद्दाम विचारलं नाही. उत्तर काय येईल याची भीतीच होती. तिनं कपातला शेवटचा घोट घेतला.

"पुढचा कार्यक्रम कुठंय?"

"पैठणच्या बाजूला. तुझ्या माहेराकडं."

"पत्रक तयार झालं का?"

ताडपत्रीवरून उठून आलेल्या अप्पांनी खिशातून कच्चा मजकूर काढून दिला. तिनं चष्मा लावला, लाल पेन उघडलं. मला वाटलं, आता दोन वाक्यं जाणार. पण तिनं काही काढलं नाही. स्थळ, वेळ, प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, सगळं तसंच ठेवलं आणि त्याखाली एक ओळ वाढवली, 'स्त्रियांसाठी आतून कडी असलेलं स्वच्छतागृह मंडपाच्या उजव्या हाताला आहे. पाणी पिऊन या.'

मी आजवर शेकडो पत्रकं वाचली. त्यात एवढी जहाल ओळ दुसरी नाही.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. तुम्हीही कुठं ना कुठं कार्यक्रम करता. जयंती असेल, सप्ताह असेल, संमेलन असेल, सोसायटीची वार्षिक सभा असेल. पुढच्या वेळी पत्रिका छापायला द्याल तेव्हा पाहुण्यांच्या नावांखाली ही ओळ घाला. आणि छापून येण्याआधी स्वतः तिथं जा, आत शिरा, दार ओढून घ्या आणि कडी आतून लागते का ते बघा.